आपल्या तब्येतीशी पुन्हा ओळख : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठीत ‘तब्येत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न प्रकृतीबद्दल असतो, आणि ‘तब्येत सुधारलेली दिसते!’ हे वाक्य बहुतेक वेळा वजनाबद्दल असते. आपल्या आज्यांच्या पिढीला अंगाने भरणे हीच प्रकृतीची खूण वाटत असे, आणि सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस गुटगुटीत बाळालाच मिळत असे. तेच वाक्य आज एखाद्या चोवीस वर्षांच्या मुलीला लग्नाच्या हॉलमध्ये ऐकू आले, तर ती गोड न खाताच ताट बाजूला ठेवते. दोन्ही काळांत तब्येत डोळ्यांनीच मोजली गेली. माप तेवढे उलटे झाले.

आमच्या लहानपणी मुंबईच्या लोकल स्थानकांवर लुकलुकत्या दिव्यांचे वजनाचे यंत्र असे. नाणे टाकले की चकती गरगर फिरायची आणि जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट खाली पडायचे. त्यावर एका बाजूला वजन छापलेले असे, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा एखाद्या नटनटीचे चित्र. वजन वाचून विसरले जायचे, चित्र मात्र जपून ठेवले जायचे. हातातल्या फोनने आता त्या तिकिटाच्या दोन्ही बाजू एक केल्या आहेत, कारण नटीचे चित्र हेच वजनाचे माप होऊन बसले आहे.

फोन पाहून झाल्यावर आपण आरशासमोर जास्त वेळ उभे राहतो आणि मग जेवणावर राग काढतो, हे ज्यांच्या नुकतेच लक्षात आले आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. पायऱ्या क्रमाने घेतल्यास बरे, पण ज्यांचे खाणे बिघडले आहे, पाळी थांबली आहे किंवा चक्कर येऊ लागली आहे, त्यांनी आधी शेवटची पायरी वाचावी.

पहिली पायरी : एक आठवडा फक्त नोंद

पहिले सात दिवस काहीही बदलू नये. एक साधी वही घ्यावी आणि तीन रकाने आखावेत : केव्हा आणि कुठे, फोनवर काय पाहिले, त्यानंतर काय केले. कॅलरी, वजन किंवा पावलांची संख्या या वहीत येऊ देऊ नये. नोंद कशी असावी, हे एका उदाहरणाने सांगते : ‘मंगळवार, रात्री साडेअकरा, अंथरुणात. तीस दिवसांत पोट सपाट करण्याचे चार व्हिडिओ. मग दिवा लावून आरशासमोर हात आडवा धरला आणि दंडाखालचे मांस हलवून पाहिले. बुधवारी सकाळी पोहे नको म्हटले, अकरा वाजता कँटीनमध्ये दोन सामोसे खाल्ले, त्याचेही वाईट वाटले.’

या नोंदीतला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कमरेला चिमटा काढून पाहणे, मनगटाभोवती बोटे पुरतात का हे तपासणे, कपाटातली जुनी जीन्स दर आठवड्याला चढवून पाहणे, दुकानाच्या काचेत आपले पोट बघत चालणे या सगळ्या शरीराच्या झडत्या आहेत, आणि आपण दिवसातून किती झडत्या घेतो याचा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. झडती घेतल्यावर क्षणभर खात्री वाटते आणि थोड्याच वेळात पुन्हा शंका येते, म्हणून पुन्हा झडती घेतली जाते. आठवड्याच्या शेवटी वही वाचताना एवढेच शोधावे की कोणती वेळ, कोणती जागा आणि कोणत्या प्रकारचा व्हिडिओ वारंवार येतो. माझ्या वहीत उत्तर होते रात्रीचे अंथरूण. एका मैत्रिणीच्या वहीत, संध्याकाळची बोरिवली लोकल.

दुसरी पायरी : छायाचित्र कसे बनते, ते हाताने करून पाहावे

सेल्फी खोटे दाखवते हे सर्वांना ऐकून माहीत असते, पण ऐकीव माहितीने मन हलत नाही. म्हणून एक प्रयोग करावा. फोन हाताच्या अंतरापेक्षाही जवळ, सुमारे एक फुटावर धरून चेहऱ्याचे छायाचित्र घ्यावे. नंतर तोच फोन शेल्फवर उभा करून, टायमर लावून, पाच फुटांवरून दुसरे घ्यावे, आणि दोन्ही चेहरे एकाच आकाराचे करून शेजारी ठेवावेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हेच गणिताने मांडले होते : बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाचा तळ पाच फुटांवरच्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे तीस टक्के रुंद दिसतो. नाक बदललेले नसते, अंतर बदललेले असते. आपल्याला समोरासमोर भेटणारी माणसे साधारण दुसऱ्या छायाचित्रातला चेहरा पाहतात.

फिल्टर, प्रकाश, पोट आत ओढून धरलेला श्वास आणि शंभरातून निवडलेले एक चित्र हा यापुढचा भाग. नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल, तर तसे लेबल लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. परंतु केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी नियम काढले, ज्यांनुसार स्वतःला आरोग्यतज्ज्ञ म्हणवणाऱ्याने आपले प्रमाणपत्र सांगायला हवे आणि इतरांनी हा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही, असे स्पष्ट करायला हवे. पुढच्या वेळी कोणी ‘हार्मोन संतुलित करणारे’ पेय विकताना दिसले, की ही एक गोष्ट शोधावी.

चित्रांचा परिणाम मनाच्या दुबळेपणाने होतो, असे वाटत असेल तर फिजीची हकिगत लक्षात ठेवावी. त्या बेटांवर भरलेले अंग हे माणसाची नीट काळजी घेतली जात असल्याचे लक्षण मानले जाई, म्हणजे थेट आपल्या आज्यांची ‘सुधारलेली तब्येत’. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी पोहोचली. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती, तीन वर्षांनी त्यांचे प्रमाण शंभरात अकरा झाले होते. तो तर घरातला एकच पडदा होता, आणि तोही आपण काय पाहतो यावरून पुढचे चित्र निवडून देणारा नव्हता. इन्स्टाग्रामच्या कंपनीची २०२१ मध्ये बाहेर आलेली अंतर्गत कागदपत्रे सांगतात की, शरीराबद्दल वाईट वाटत असताना हे अ‍ॅप ते आणखी वाढवते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत नोंदवले होते.

तिसरी पायरी : फोनची साफसफाई

अ‍ॅप एकदम काढून टाकण्याचा सल्ला मी देत नाही. चार दिवसांनी ते परत येते आणि सोबत अपराधीपणा घेऊन येते. त्याऐवजी रविवारी दुपारी अर्धा तास बसून आपण फॉलो करत असलेली यादी वरपासून खालपर्यंत वाचावी आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा : हे पाहून झाल्यावर माझा हात कमरेकडे जातो का? जात असेल तर अनोळखी व्यक्तीला अनफॉलो करावे. ओळखीच्या माणसाला, म्हणजे ऑफिसमधल्या सहकाऱ्याला किंवा मावसबहिणीला, म्यूट करावे. त्यांना ते कळत नाही आणि पुढच्या समारंभात तोंड चुकवावे लागत नाही.

सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबत राहावे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेल्या पोस्ट तीस दिवस थांबवता येतात, नको असलेले शब्द लपवता येतात आणि सुचवण्या नव्याने सुरू करण्याचीही सोय आहे. लपवण्याच्या यादीत ‘वेट लॉस’, ‘डिटॉक्स’, ‘फ्लॅट टमी’ हे शब्द इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत टाकावेत. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून बंद ठेवला, की पहिले पान जवळजवळ रिकामे येते. पहिल्यांदा ते भकास वाटते. दुसऱ्या आठवड्यापासून आपल्याला नेमके काय पाहायचे होते, ते स्वतःच टाइप करावे लागते, आणि तेव्हा कळते की बराच वेळ काहीच पाहायचे नव्हते.

पहिल्या पायरीत जी वेळ सापडली असेल, तिथे फोनची जागा बदलावी. ती वेळ रात्रीची असेल तर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा.

चौथी पायरी : आकड्यांना त्यांच्या जागी बसवणे

वजनाचा तब्येतीशी काही संबंधच नाही, असे मी म्हणणार नाही. भारतीय लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह गाठतो, आणि म्हणूनच बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, जास्त वजनाची मर्यादा जगात सर्वसाधारणपणे २५ धरतात, ती आपल्यासाठी २३ धरली जाते. लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५. मात्र हे सूत्र कुठून आले, ते माहीत असावे. एकोणिसाव्या शतकातील बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि सांख्यिकीतज्ज्ञ अदोल्फ केतले ‘सरासरी माणूस’ शोधत होते, तेव्हा त्यांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागले. त्यांना लोकसमूहाची मापे हवी होती, एका माणसाची प्रकृती तपासायची नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिले. स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, यातले काहीही हा आकडा सांगत नाही.

त्यापेक्षा कंबरेचे माप अधिक बोलके आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप आवळता न लावता मोजावे. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास डॉक्टरांशी बोलावे. हे वर्षातून दोनदा पुरे. रोज काट्यावर उभे राहण्यात अर्थ नाही, कारण खारट जेवण, पाळीचे दिवस आणि पोटातले पाणी एवढ्यानेच एक-दोन किलो मागेपुढे होतात. ज्यांना काटा दिसला की राहवत नाही, त्यांनी तो माळ्यावर टाकावा.

आरशाला आणि काट्याला न दिसणारे आकडे मात्र एकदा काढून घ्यावेत : हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी, बी१२ जीवनसत्त्व आणि रक्तदाब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे सडपातळ दिसते म्हणून जिचे कौतुक होते आणि पुलाचे जिने चढताना जिला धाप लागते, तिच्याकडे हिमोग्लोबिनचा कागद असण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

पाचवी पायरी : भुकेची भाषा पुन्हा शिकणे

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझी स्वतःची फजिती याच पायरीवर झाली. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन मिळालेला सात दिवसांचा ‘डिटॉक्स’ सुरू केला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधीचा रस पिऊन निघाले आणि दादरच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कठड्याला धरून खाली बसले. शेजारून टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली, तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘बाय, सकाळपासून पोटात काय घातलंस?’ मी रस म्हटले. तिने कमरेच्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला आणि दोन बिस्किटे संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. तोपर्यंत इतक्या साध्या शब्दांत हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता. शरीरातील नको ते पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतातच. रसाने त्यात भर पडत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

भूक दाबली की ती नाहीशी होत नाही, डोक्यात जाऊन बसते. वर उल्लेख केलेल्या कीज यांनीच १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते तरुण चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली आणि ते तासन्‌तास पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. तेव्हा दुपारी उपाशी राहून रात्री जेवणाचे व्हिडिओ पाहणाऱ्या मुलीने स्वतःला हावरट म्हणू नये.

मुंबईत भुकेचे वेळापत्रक रेल्वे ठरवते. सकाळी सातला घर सोडणारी व्यक्ती दीड वाजता डबा उघडते आणि रात्री साडेआठला घरी पोहोचते. मधल्या सात तासांची भूक ही चारित्र्यातली खोट नव्हे, तो घड्याळाचा हिशेब आहे. म्हणून दोन आठवडे एवढेच करावे. सकाळी निघण्याआधी काहीतरी घन पदार्थ खावा, मग ती रात्रीची पोळी आणि चहा असली तरी चालेल. डब्यात भाजी-पोळीबरोबर डाळ, उसळ, अंडे किंवा मासा यांपैकी एक असावे. संध्याकाळच्या गाडीसाठी पर्समध्ये शेंगदाणे-गूळ, फुटाणे किंवा केळे ठेवावे. जेवणाआधी क्षणभर थांबून भूक किती आहे हे ओळखावे आणि अर्धे ताट झाल्यावर पुन्हा ओळखावे. सुरुवातीला काहीच कळत नाही. अनेक वर्षे न ऐकलेला आवाज आहे, तो लगेच स्पष्ट येत नाही.

वडापाव, मोदक, वरण-भातावरचे तूप यांना ‘चीट मील’, म्हणजे पथ्याला फसवून खाल्लेले जेवण, म्हणणे सोडावे. फसवणूक कोणाची झालेली नसते.

सहावी पायरी : हालचाल

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भराभर चालणे. शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते, आणि तिथे पहाटे चालणाऱ्यांत सर्व वयांची आणि सर्व मापांची माणसे असतात, हा माझ्या मते त्या कट्ट्याचा सर्वांत मोठा गुण. मैदान दूर असेल तर एक स्थानक आधी उतरून चालावे. प्रगती मोजायचीच असेल तर शरीर काय करू शकते ते मोजावे : तोच पूल पूर्वी दोनदा थांबून चढत होतो, आता बोलत बोलत चढतो.

जिमला जाणाऱ्या मुलग्यांसाठी दोन शब्द, कारण हा विषय मुलींचाच समजला जातो आणि मुलगे गप्प राहतात. दंड पुरेसे मोठे दिसत नाहीत म्हणून टी-शर्ट न काढणारा मुलगाही त्याच आरशात अडकलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्यास सांगितले आहे. प्रशिक्षकाने लेबल नसलेली गोळी किंवा इंजेक्शन पुढे केले, तर ती जिम सोडावी. त्यात असू शकणारी स्टेरॉइड हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांवर घाव घालतात.

सातवी पायरी : कपडे

‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे डोळ्यांआड करावेत आणि आजच्या शरीराला बसणारे निदान तीन जोड असावेत. आमचे शिंपीकाका माप घेताना ‘छत्तीस, बत्तीस, बाही दहा’ असे आकडे पोराला सांगतात, पावतीवर नंबर टाकण्याच्या सुरातच. शिवणीत दोन बोटे जास्तीचे कापड ते न विचारता सोडतात. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात.

आठवी पायरी : माणसे

फोन आवरता येतो, नातेवाईक आवरत नाहीत. गणपतीत, हळदीकुंकवाला, स्थळ पाहण्याच्या कार्यक्रमात कोणीतरी बोलणारच, आणि बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. बोलायला दुसरे काही सुचलेले नसते. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवावे. वडीलधाऱ्यांपुढे विषय वळवणे सोपे जाते : ‘आत्या, माझ्या वजनाचं राहू दे, तुझा गुडघा कसा आहे?’ मैत्रिणीला सरळ सांगावे की, ‘शरीरावरून काही बोलू नकोस, मला त्रास होतो.’ स्थळाच्या माहितीपत्रात ‘सडपातळ’ लिहायचे की नाही, हा वाद आईवडिलांशी एकदा घालून टाकावा, दर महिन्याला नको. आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्यासमोर आपल्या पोटाला नावे ठेवू नयेत. मुलांना ती पाठ होतात.

नववी पायरी : मदत केव्हा आणि कुठे

सलग तीन महिने पाळी न येणे, चक्कर, जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, जुलाबाच्या किंवा वजन घटवण्याच्या गोळ्या घेणे, एका बैठकीत आवरत नाही इतके खाणे, लोकांसमोर जेवणे टाळणे, दिवसातले काही तास एखाद्या अवयवाच्या दिसण्याच्या विचारात जाणे, किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर वरच्या पायऱ्या पुरेशा नाहीत. हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. वजन सर्वसाधारण असतानाही ते होतात, त्यामुळे ‘मी कुठे इतकी बारीक आहे?’ म्हणून थांबू नये.

केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा आणि सोबत कोणाला तरी न्यावे, कारण रांग मोठी असते आणि एकट्याने परत फिरण्याचा मोह होतो. डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर पहिल्या पायरीची वही पुढे करावी. आणि तपासणीआधी वजन करण्यास सांगितले, तर ‘मला आकडा पाहायचा नाही आणि तो मोठ्याने सांगू नका’ असे म्हणून काट्यावर आकड्याकडे पाठ करून उभे राहता येते. नर्स तो कागदावर लिहून घेतात.